कागद फिरवणारा हात

लोकांना मी इतक्यांदा ‘धीर धरा’ म्हणून सांगितलं आहे, की स्वतःवर वेळ आली तेव्हा त्या शब्दांकडे बघायचंही माझं धाडस झालं नाही. देवीवरचा माझा विश्वास खरा होता, की दुसऱ्यांच्या दुखण्यात तो सोपा होता, हे मला त्या काळात कळेनासं झालं होतं. आजही हे लिहिताना मान खाली जाते.

भिवंडीत आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं की मी पतंगाचा कागद कातरून त्याची नक्षी देत असे. वेल, पाखरं, दिवे असं काहीबाही. ती खिडकीच्या काचेला चिकटवली की ऊन आत येताना रंग घेऊन येतं आणि पडून राहिलेल्या माणसाला बघायला काहीतरी मिळतं. सुरुवात सेवा म्हणून केली, पण लोक कौतुक करू लागले आणि ते मला आवडायला लागलं, हेही खरं. मी दारात दिसले की दुखणं निम्मं होतं, असं कुणी म्हटलं की मी देवीकडे बोट दाखवायची आणि मनात मात्र खूश व्हायची.

शेजारची रेहाना मला सुनेसारखी. तिच्या सासऱ्यांचे कापडाचे लूम आहेत, आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. तिला छातीचा कॅन्सर निघाला तेव्हापासून प्रत्येक केमोच्या आधी मी तिला नवी नक्षी देत आले. ऑपरेशन ठरलं तेव्हा ती म्हणाली, “काकी, या टायमाला मोठं झाड पाहिजे. पाखरं भरपूर टाका.” मी शब्द दिला.

आणि मलाच अर्धांगाचा झटका आला. हलका होता, चार दिवसांत घरी आले, फक्त डाव्या हाताची बोटं सैल पडली. डॉक्टर म्हणाले, नशीब, उजवा हात वाचला. काल्हेरच्या गोदामात ड्युटी करणारे आमचे हे म्हणाले, “कात्री धरायचा हात शाबूत, बोलायची जीभही शाबूत. आमचं काही खरं नाही.” सगळे हसले, मीही हसले. पण कागद कातरणाऱ्यालाच माहीत असतं, की कात्री नुसती उघडते आणि मिटते. वळण डाव्या हाताचं असतं. कागद तो फिरवतो, म्हणून वेल वळते. माझा तोच हात गेला होता. रेहानाचं झाड करायला बसले की कागद निसटायचा, घडीच्या बाजूनेच कात्री आरपार जायची आणि उलगडल्यावर दोन तुकडे हातात यायचे. किती कागद फुकट घालवले, देव जाणे.

मी कुणाला सांगितलं नाही. हात पदराखाली ठेवू लागले आणि रेहानाच्या घराकडचं दार लावून घेऊ लागले. तिने हाक मारली की पडून राहायची. ह्यांना सांगायला लावायची की मी झोपले आहे. ज्या बाईला मी धीर द्यायचा, तिच्यापासून मी लपत होते.

ऑपरेशन दोन दिवसांवर आलं तेव्हा मी वज्रेश्वरीच्या देवळात गेले. देवीला सांगायचं होतं, हे काम आता तुझं तू परत घे. उरलेले कागद पिशवीत घेतले आणि कात्री ओटीत घातली, खणाखाली, नारळाशेजारी. रांगेत मागे एक म्हातारी होती, अंबाडी गावच्या बाजारात भाजी विकून रिकामी पाटी घेऊन आलेली. तिला कात्रीचा दांडा दिसला.

“अगं बाय, ओटीत कातर घालतेस का? सवाशिणीची ओटी हाय ती.”

मी लाजेने गार झाले. इतकी वर्षं ओट्या भरते आहे आणि देवीच्या ओटीत मी धार घेऊन निघाले होते. म्हातारीने ती काढून माझ्या हातात दिली. ओटी भरून झाली तरी ती माझ्याबरोबरच बाहेर आली, सावलीत बसली आणि विचारलं, “काय करतेस हिनं?” सांगता येईना, म्हणून कागद घडी घालून दाखवायला गेले. तो नेहमीसारखा निसटला. तिने सहज हात पुढे केला आणि कागद धरला.

“चालव तू. मी धरलाय.”

माझ्या कामात कुणी हात घातलेला मला खपत नाही. ती कागद भलतीकडेच फिरवत होती, मी दोनदा “थांबा” म्हटलं. “थांबू कशाला? फाटला तं न्हाय,” ती म्हणाली. मग मी गप्प झाले. ती फिरवत गेली, मी कात्री मिटत-उघडत गेले. फांद्या मी योजल्या नव्हत्या तिकडे गेल्या. उलगडलं तेव्हा झाड होतं, थोडं रानातलं, आडदांड, पण अखंड. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने पाटी उचलली आणि गाडी चुकेल म्हणत निघाली. नावही विचारायचं राहिलं. ती कोण होती याचा मी काथ्याकूट करत नाही.

संध्याकाळी मी रेहानाचं दार वाजवलं. तिने झाड हातात घेतलं, पण बघितलं माझ्याकडेच.

“काकी, सच बोला. डॉक्टरने तुम्हाला सांगितलंय ना? मी वाचणार नाय म्हणून?”

“काय सांगितलंय?” मी विचारलं.

“घरचे मला काय सांगत नाय. तुम्ही पण तोंड चुकवायला लागल्या. मला वाटलं, काकीला कळलंय, म्हणून येत नाय.”

मी पदराखालून हात काढला आणि तिच्यासमोर धरला. बोटं सैल लोंबत होती. “हे लपवत होते गं,” एवढंच म्हणता आलं. तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन ती रडली आणि रडता रडता हसली. म्हणाली, “बस, एवढंच?”

देवीच्या कृपेने ऑपरेशन नीट झालं. पुढचे उपचार चालू आहेत. मी अजूनही कातरते, समोर बसेल तो कागद धरतो, कधी हे, कधी रेहानाची सासू. झाड कुठे वळेल हे आता माझ्या हातात नाही, आणि देवीची शपथ, तेच बरं आहे. हाताची लाज मला वाटत नाही. पण मी दार लावून पडले होते आणि पलीकडे ती स्वतःचं मरण मोजत होती, याची वाटते. ती लाज तेवढी घालवू नकोस, असं मी देवीला सांगितलं आहे.