भोंगाताईचा राहिलेला दात

बसस्थानकावर सगळे तिला भोंगाताई म्हणायचे. ती दिसायची क्वचितच, ऐकू मात्र दिवसभर यायची. चौकशीच्या खिडकीमागच्या खुराड्याएवढ्या खोलीत माइक पुढ्यात घेऊन ती गाड्यांची घोषणा करायची.

एकदा धुतलेल्या फरशीवर पाय घसरला, ती तोंडावर आपटली आणि वरचा समोरचा दात मुळापाशी मोडला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, उरलेलं मूळ काढून टाकलं आणि म्हणाल्या, "जखम भरली की जबड्याच्या हाडात बारीक स्क्रू बसवू आणि त्यावर नवा दात. अगदी स्वतःचा वाटेल."

तोवर पंचाईत अशी, की "सहा नंबरच्या फलाटावरून सुटणारी" म्हणताना फटीतून खणखणीत शिट्टी वाजायची. एका ड्रायव्हरने तर ती कंट्रोलरची समजून गाडी काढलीसुद्धा.

स्क्रूची तारीख ठरली आणि कळलं, भोंगाताईला दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी पाळणा हलणार म्हणून घरात आनंदीआनंद झाला. तिने मात्र मनातल्या मनात तारखा मागे नेल्या. एक्स-रे काढला तेव्हा बाळ पोटात होतं! हे ती कुणाजवळ बोलली नाही.

सासूबाईंनी तर फर्मानच काढलं. "आता दातांचं नाव काढायचं नाही. पोटुशी बाईने तोंडात सुई घ्यायची नसते. माझा एकेका लेकरामागे एकेक दात गेला, मी केली का तक्रार?"

"आई, लेकरं तीन आणि दात गेले आठ," नवरा म्हणाला.

"बाकीचे तुमच्यावर ओरडून ओरडून पडले."

भोंगाताईने तारीख रद्द केली. उलट्या सुरू झाल्या, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तिने ब्रश करणंच कमी केलं. पाचव्या महिन्यात मागची दाढ ठणकायला लागली आणि गाल टम्म फुगला. माइकसमोर तोंड उघडेना. स्थानकप्रमुख आत डोकावले. "ताई, प्रवाशांना गाडीचं नाव ऐकू येत नाहीये, नुसतं कण्हणं ऐकू येतंय. आधी डॉक्टरकडे जा."

सासूबाई सोबत निघाल्या. "सुई दिसली की उठायचं," रस्ताभर त्यांनी बजावलं.

खुर्चीत टेकली आणि भोंगाताईचा बांध फुटला. "मॅडम, तो एक्स-रे... मला माहीतच नव्हतं हो. बाळाला काही..."

डॉक्टरीणबाईंनी हातातली बत्ती खाली ठेवली. "हे एवढे दिवस एकटीच उरावर घेऊन बसलात? फोन नाही का करायचा? दातांच्या एक्स-रेचे किरण अगदी थोडे असतात आणि रोख दातावर असतो. पोटापर्यंत पोचतं ते जवळजवळ नाहीच. त्या एक्स-रेने बाळाचं काही बिघडलेलं नाही."

"नक्की?"

"नक्की. काळजी या दाढेची करायची. पू धरलाय तिने. आत्ता साफ केली नाही तर ताप येईल, जेवण तुटेल, ते बाळाला बरं नाही. बधिर करायची सुई याच महिन्यांत सोयीची. तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून घेते. स्क्रूचं मात्र अडलेलं नाही, तो बाळंतपणानंतर. तोवर काढता-घालता येणारा दात देते."

सासूबाई पुढे सरकल्या. "पण बाळ आपल्या हाडांसाठी आईच्या दातांतला चुना ओढून घेतं म्हणतात ना?"

"नाही हो, आजी. या दिवसांत हिरड्या सुजतात, उलटीच्या आंबटपणाने दात झिजतात आणि भीतीपोटी कुणी दाखवत नाही. दात जातात ते असे. उलटी झाली की लगेच ब्रश नाही, आधी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ. आणि रक्त आलं तरी ब्रश सोडायचा नाही."

सासूबाई म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही हे." आणि सुई बाहेर आली तेव्हा उठायचं सोडून त्यांनी सुनेचा हात धरला.

दाढ उघडून साफ झाली. ठणका असा उतरला की भोंगाताईला गुंगीच आली. जिना उतरता उतरता तिने नवऱ्याला फोन लावला, पण त्याचा आवाज ऐकला आणि हुंदकाच फुटला.

"अगं, काय झालं? बोल ना!"

"काई नाई झालं," बधिर ओठांनी ती कशीबशी म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. "अहो, काईच नाई झालं!"