मला बोलायचंय

सांध्यांच्या दुखण्याने बोटं टाइप करीनाशी झाली, तेव्हा लेख लिहिणं सोडून देण्यापेक्षा ते संगणकाला तोंडी सांगायचं ठरवलं. त्यासाठी हेडसेट घ्यायला नवऱ्याबरोबर दुकानात गेले. विक्रेत्याने नवऱ्याला विचारलं, "सर, मॅडमना गाणी ऐकायचीत का?"

"मला बोलायचंय," मी म्हटलं. "माइक चांगला हवा."

"बेस जबरदस्त आहे, सर," तो नवऱ्यालाच म्हणाला आणि निळे दिवे लुकलुकणारं एक धूड पुढे केलं. माइकचं पुन्हा विचारलं, तर म्हणे, "असतो ना मॅडम, सगळ्यांनाच असतो."

भिंतभर कानांची चैन टांगलेली होती. एखाद्याला काही सांगायचं असेल, हे त्या दुकानाच्या गावीही नव्हतं. दिवसभर ऐकण्याची यंत्रं विकायची आणि समोरच्याचं एक वाक्य ऐकायचं नाही! मला त्या माणसाचा मनापासून तिरस्कार वाटला.

कोपऱ्यातला एक साधा, वायरवाला हेडसेट मी त्यांच्याच संगणकाला जोडायला लावला आणि बोललेलं टाइप होण्याची सोय त्यावर सुरू केली. श्वास आपटू नये म्हणून माइक ओठांच्या कडेला वळवला आणि सावकाश म्हणाले, "या दुकानात माणसाचं बोलणं कोणी ऐकत नाही."

वाक्य जसंच्या तसं पडद्यावर उमटलं. विक्रेत्याने ते मोठ्याने वाचलं आणि खुशीत नवऱ्याकडे वळला. "बघा सर, किती क्लिअर आलंय!"

हेडसेट मी घेतला. त्या माणसावर मात्र आणखी एक शब्दही वाया घालवला नाही.