सुरकुत्या पडलेला पंख

माझ्या थोरल्या साडूंवर मी दीड वर्षं डूख धरून होतो. हे लिहिताना मला अजिबात लाज वाटत नाही.

आमचे सासरे हवाई दलात मेकॅनिक होते. आता मुरगूडला शेती बघतात, पण जीव विमानातच. त्यांच्या शोकेसच्या वरच्या फळीवर एकच मॉडेल मावतं, आणि तिथं थोरल्या साडूंनी रंगवलेलं विमान बसलेलं. साडूंकडे रंग फवारायचं मशीन, शिवाय ऐसपैस गच्ची. कोल्हापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत फवारा मारला तर वास थेट आमटीत. म्हणून मी डिकलकडे वळलो. म्हणजे छापील पातळ पापुद्रा. कोमट पाण्यात भिजवायचा आणि कागदावरून अलगद मॉडेलवर सरकवायचा. आकडे, निशाणं सगळेच तसे लावतात. मी पंखभर पसरलेले हिरवे-करडे कॅमोफ्लाजचे पट्टेच डिकलचे लावले आणि ते विमान जत्रेला सासऱ्यांसाठी घेऊन गेलो.

जेवणं झाल्यावर साडूंनी ते उचललं, पंखावरच्या एका बुडबुड्यात नख घातलं आणि सगळ्यांसमोर पट्टा टर्रकन ओढला.

"अवो पावणं, हे स्टिकर हाय की! पोरांच्या डब्यावर लावत्यात तसलं!"

अख्खं घर हसलं. सासरेही हसले. बायकोनं तेवढी मान खाली घातली, आणि तेच मला जास्त लागलं. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला त्या फळीवर माझंच विमान बसणार, असं मी परतीच्या एसटीत ठरवून टाकलं.

मग शिकलो. मोठा डिकल एकसंध बसत नाही, विमानाच्या सांध्यांवर कापून घ्यावा लागतो. खाली चकचकीत वार्निशचा हात नसेल तर हवा अडकते. शेवटचं काम सगळ्यात अवघड. डिकल मऊ करायचं द्रावण लावलं की तो असा चुरगळतो की बघवत नाही. बोट आपोआप पुढं जातं. पण हात लावायचा नाही. तासाभरात तो आपला आपण ताणून बसतो, अगदी रंगवल्यासारखा. एवढं कळायला माझे तीन पंख वाया गेले.

जमल्यावर बायकोनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पंच्याहत्तरी आठ दिवसांवर असताना थोरले साडू सकाळीच दारात हजर. हातात विमान आणि परदेशातून मागवलेला डिकलचा एकुलता एक कागद. त्यावरची नक्षी इतकी बारीक की फवाऱ्यानं जमणं शक्य नव्हतं.

"शिकवा की पावणं. मामास्नी पंच्याहत्तरीला द्यायचंय."

मी शिकवलं. वार्निश, कापणी, कोमट पाणी, काही हातचं राखलं नाही. पट्टे सुरेख बसले. द्रावणाची बाटलीही माझीच दिली. त्यांनी ते लावलं आणि पंख चुरगळायला लागला.

"अवो, हे काय व्हाय लागलंय?"

मी बशीत चहा ओतत होतो. "थांबा, बघतो," म्हटलं आणि सावकाश फुंकर मारत बसलो.

त्यांना धीर निघेना. सुरकुती सारखी करायला त्यांनी बोट टेकवलं. डिकल बोटाबरोबर वर आला. दुसऱ्या हातानं सावरायला गेले तर शेजारचा पट्टाही फाटला. मी पुढचा घोट घेतला. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यालो नव्हतो.

साडू बोटांवरची हिरवी लक्तरं बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"हात लावायचा नव्हता व्हय?"

"नव्हता."

आता चिडतील, शिव्या घालतील, म्हणून मी सावरून बसलो. दीड वर्ष मी त्याचीच वाट बघत होतो. साडूंनी शांतपणे हात पुसले, स्वतःचा चहा पुढं ओढला आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. मीबी सांगितलं नसतं."

पंच्याहत्तरीला माझं विमान वरच्या फळीवर बसलं. पण त्या एका वाक्यानं त्यांनी मला स्वतःच्या पंगतीला नेऊन बसवलं. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.