म्हशीपुढचं भाषण

आमच्या गावचं नाटक दुपारीच सुरू व्हायचं, कारण संध्याकाळच्या विजेचा कुणालाच भरवसा नव्हता. पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा होता. शाळेचा ओटा हेच स्टेज, आणि पडदा म्हणून दोन सतरंज्या. मी जाणार नव्हतो. वर्ध्याहून येणारी पत्रकं वाचत मी मोठा झालो होतो, आता स्वतःच पत्रकं लिहीत होतो; एवढा अन्याय डोळ्यांपुढे असताना लोक खिदळतात कसे, याचाच मला राग यायचा. पण माय म्हणाली, "चाल ना रे बापू, हासलं तं दात नाई पडत." गेलो, आणि पुरुषांच्या बाजूला तोंड आवळून बसलो. माय पलीकडे, बायकांत.

पहिला प्रवेश भांडखोर सासऱ्याचा. मी हसलो नाही. दुसऱ्यात काळं घोंगडं पांघरलेली दोन माणसं म्हैस होऊन आली. पाठोपाठ खांद्याला माझ्यासारखी शबनम पिशवी लटकवलेला एक नट. त्यानं कागद काढला, घसा खाकरला आणि म्हशीसमोर मूठ उगारली.

"शोषित भगिनींनो, उठा!"

म्हैस खाली बसली. ओट्याखाली हास्याचा नुसता कल्ला.

"अबे, हा तं आपला पुढारी!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हैस तरी आयकते का बे तुह्यं?"

माना वळल्या. माझे कान तापले. सभेत बोलण्याआधी मी गोठ्यात म्हशीपुढे भाषणाची तालीम करायचो, ते मायशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी बायकांकडे पाहिलं. माय पदर तोंडात कोंबून हसत होती. गावानं हसावं, ते मी सोसलं असतं. गावाला मी मागासच समजत होतो. पण माय मला मानते, एवढं मी धरून चाललो होतो.

आमच्याकडे काम आवडलं की लोक पेटीवाल्याकडे बक्षीस पाठवतात, आणि तो नाटक थांबवून ते पुकारतो. त्यानं भाता दाबून धरला नि ओरडला, "पुढाऱ्याच्या मायकडून म्हशीले एक रुपया बक्षीस!"

उठून जावं तर सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं. शेवटपर्यंत मान खाली घालून बसलो.

घरी परतताना मी चार पावलं पुढे चालत होतो.

"रागावला काय?"

"तू काऊन सांगितलं त्याइले?"

"वावरात निंदाले गेलतो तवा बायकाइले सांगतलं. हासून राह्यल्या होत्या बिचाऱ्या, उन्हाचं समजलंच नाई." मग पावलं उचलून मला गाठत, "अन् तू बोले तवा मी तिथंच राहो ना. म्हशीच्या बुडाशी, दूध काढत. तुले कधी दिसली?"

मला आठवेना. धारेचा आवाज तेवढा आठवत होता. भाषणाच्या आड यायचा म्हणून मी आवाज चढवायचो.

"बोलतं चांगला," ती म्हणाली. "मले आवडे. फक्त ते शोषित म्हंजे काय, ते नाई समजलं. तूच सांग आता."

हाच शब्द मी पत्रकांत शंभरदा लिहिला होता. तिला सांगायला तोंड उघडलं, तर पत्रकातलीच वाक्यं येऊ लागली. ती मी अर्ध्यातच सोडली. ती माझ्या बरोबरीनं चालत राहिली, कान देऊन, मी काही बोलेन म्हणून.