घरधन्याचा व्हय

आत्माराम पंचायत समितीचा सभापती झाला तेव्हा गावाने त्याच्याआधी गुणवंतीअक्काच्या हातावर पेढा ठेवला. ते रास्तच होतं. आई गेली तेव्हा आत्माराम रांगत होता. या थोरल्या बहिणीने ओहोटीला खाडीच्या चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढल्या, रत्नागिरीच्या बाजारात विकल्या आणि त्याला वाढवलं, शिकवलं. स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं. ‘राहून गेलं’ असंच ती सांगे, कोणाला दोष न देता. आता भावाने गच्चीचं घर बांधलं तरी ती मागच्या पडवीतच निजायची. "तुज्या फरशीवर माजे पाय गार पडतात," म्हणायची.

ती फरशी कुठून आली, हे तिला कळत नव्हतं असं नाही. एक मुंबईवाला शेठ खाडीत पंप लावून रात्रंदिवस वाळू उपसत होता. त्याच्या टोळीचं नाव गावात कोणी मोठ्याने घेत नसे, आणि त्याच्याविरुद्धची प्रत्येक तक्रार आत्मारामापाशी येऊन विरून जाई. अक्काने एकदाच विचारलं होतं, "आत्मा, तिसऱ्या खंय गेल्या रे?"

"आता तुला काय बाजारात बसायचं हाय?" असं म्हणून तो हसला होता. तिने पुन्हा विचारलं नाही. भाऊ होता.

विचारत राहिला तो म्हातारा भिवा. यानेच लहानपणी आत्मारामाला पोहायला शिकवलं होतं. भिवा कोर्टात गेला, आणि शिमगा उरकला की त्याची साक्ष होती. वाळूच्या होड्या कोणाच्या, त्यांना अभय कोणाचं, हे तो नावानिशी सांगणार होता.

शिमग्यात देवीची पालखी आत्मारामाच्या घरी यायची होती, त्या दिवशी अक्का मागच्या पडवीतल्या चुलीपाशी पुरणपोळ्या करत होती. भाऊ मागल्या विहिरीकडे फोनवर बोलत होता. हलक्या आवाजात, पण विहिरीकडचा आवाज पडवीत येतोच.

"आज सगळा गाव माज्या अंगणात. फौजदारपण जेवायला येतोय. म्हातारा ओहोटीला एकटाच जाळं लावायला जातो. होडी उलटली तर उलटली. मी घरात हाय, मला काय ठाव नाय."

तव्यावरची पोळी करपली. अक्का ती उलटायचं विसरली होती.

तो आत आला तेव्हा तिने विचारलं, "कोणाशी बोलत व्हतास?"

"पार्टीचं काम गो अक्का." असं म्हणून त्याने कानाची पाळी चोळली. शाळेत न जाता करवंदं खाऊन आला की अशीच चोळायचा.

अक्काने तवा खाली उतरवला. सांगायचं कोणाला? फौजदार पुढच्या ओटीवर पोळीवर तूप मागत होता. भिवाकडे फोन नव्हता. आणि भिवाला आज अडवलं, तरी उद्याचं काय? एवढ्यात ढोल वाजायला लागले आणि पालखी अंगणात शिरलीच.

आत्माराम अनवाणी पुढे आला. रेशमी सदरा, कपाळावर गुलाल. बायकांनी देवीची ओटी भरली. पालखीपुढे नारळ धरून गावकर भिकाजीने गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक घरचं सुखदुःख तो असं देवीच्या कानी घालतो आणि सगळा गाव त्याला होकार देतो.

"बा आई, तुजा लेकरू आत्माराम आमदारकीला उभा ऱ्हातोय, त्याला यश दे!"

"व्हय म्हाराजा!" अंगण घुमलं. त्यात आत्मारामाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

भिकाजी नारळ फोडणार, तोच अक्का पुढे झाली. "थांब भिकाजी. माजं पण हाय."

"सांग बाय. घरातली थोरली तू."

तिने भावाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जीभ वळली नसती.

"भिवा आज खाडीत एकटा गेलाय. तो धडधाकट घरी येऊ दे. त्याला काय झालं, तर ज्यानं केलं, ज्यानं करवलं, नि जो ठाव असून गप बसला, त्याच्या दारात आईची पालखी पुन्ना येऊ देऊ नको."

ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली. भिकाजीने एकदा आत्मारामाकडे, एकदा फौजदाराकडे बघितलं. मग डोळे मिटून शब्द न शब्द देवीला सांगितला.

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. या वेळी हळू.

भिकाजीने नारळ खाली घेतला नाही. "घरधन्याचा व्हय आला नाय."

"म्हनला मी," आत्माराम म्हणाला.

"मला नाय आयकू आला. मग आईला कसा येल?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आत्मारामाने ओठांवरून जीभ फिरवली. पोलिसांसमोर, सभेत, मतं मागताना दारोदार तो सहज खोटं बोलला होता. पण पालखीचे दांडे धरणाऱ्या पोरांना त्याच्याच बहिणीने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि पालखी ज्या दारात जात नाही त्या दारात माणूसही जात नाही.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. आवाज फाटला होता.

नारळ फुटला. त्याने बाजूला होऊन टोळीच्या माणसांना फोन लावला, पुन्हा लावला. खाडीच्या तोंडाशी फोन लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पालखी अंगणात असताना घरधन्याने अंगणाबाहेर जायचं नसतं. तो फौजदारासमोरून, पालखीला पाठ करून, खाडीकडे उतरणाऱ्या घाटीने खाली धावत सुटला.

"गेला कुठं हा?" कोणीतरी म्हणालं.

"पालखी हलवू नको," अक्का म्हणाली. "तो येईस्तवर ठेव."

कोणी वाजवलं नाही, कोणी नाचलं नाही. खालून होडीच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती, जवळ जवळ येणारी. अक्काने ओच्याची गाठ मुठीत घट्ट धरली होती. मग आत्मारामाची हाक आली, घसा ताणून मारलेली: "भिवाकाका! काठाला ये! भिवाकाका ऽऽ!"

मग नुसतंच इंजिन.

आणि मग, कुठून तरी चिखलातून, भिवाचा खेकसणारा आवाज: "अरे मेल्या, शिमगा हाय म्हणून माजे मासे पळवतंस काय? आलो!"

अंगणात कोणीतरी हसलं. भिकाजीने घाम पुसला. अक्का मात्र हसली नाही, कारण घरघर थांबली होती. टोळीच्या होडीतल्यांनी भिवाला हाक मारणारा माणूस कोण, ते बघितलं होतं. आता ते शेठला सांगतील.

आत्मारामाच्या चपला अंगणाच्या कडेला होत्या. अक्काने त्या उचलल्या आणि ती घाटी उतरू लागली. चालता चालताच ती मागे वळून भिकाजीला म्हणाली, "पालखी घेऊन सगळे खाली या. माजा भाव तिथं एकटा हाय."