दारातला उघडा हौद

आमच्या पडेगावच्या गल्लीत नळाला पाणी आलं की सण असतो. कुणीतरी बाई ओरडते, "आलं गं, आलं!" आणि मोटारींचा, बादल्यांचा गलका उठतो. पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरोघर दारातच जमिनीत हौद बांधलेत. झाकण सरकवायचं, नळी आत सोडायची, मोटार लावायची आणि धावत गच्चीवर जायचं, वरची टाकी भरली का बघायला. सगळी गल्ली वर, अन् खाली दारोदार हौद उघडे.

त्या रविवारी मी कोट घालून चर्चला निघालो होतो. उपासनेत प्रार्थना करायचा मान माझा होता. शाळा मी धड केली नाही, पण प्रार्थना माझ्यासारखी खणखणीत मंडळीत कुणाची नाही, हे कुणालाही विचारा. आदल्या रविवारीच पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, खड्डा खणून जो उघडा टाकतो, त्यात कुणी पडलं तर जाब त्यानंच द्यायचा, हा देवाचा नियम आहे. मला वाटलं, हे विहीरवाल्यांसाठी असेल.

चपला घालतोय तोवर पाणी आलं. शेजारचे जयभीमवाले नवरा-बायको गच्चीवर पळाले. त्यांची पोर नुकती चालायला लागलेली. हातात प्लास्टिकचा मग घेऊन ती डुलत डुलत हौदाकडं गेली आणि कडेला वाकली. मी कसा धावलो ते माझ्या गुडघ्यांनाच ठाऊक. मागून फ्रॉक धरला. तिच्या हातातला मग पाण्यात पडला, पोर माझ्या हातात राहिली. मगासाठी तिनं असा गळा काढला, जणू मीच तिला लुटलं.

वरून तिची आई ओरडली, "बाबा, काहून रडवता तिला?"

"खाली ये, मग सांगतो."

ती आली. पाण्यावर तरंगणारा मग बघितला अन् मटकन ओट्यावरच बसली. नवरा मागून आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड चालूच. "झाकण कसं लावू बाबा? नळी आत हाय. आता लक्ष ठेवतो."

"तुमचं लक्ष टाकीकडं असतं. मी हितंच बसतो."

खुर्ची मागवली, हौदाला टेकवली आणि कोटासकट बसलो. लई आनंद होत होता. पोर जिवंत होती, माझा कोट ओढत होती. चर्चमधून फोन आला, तर म्हणालो, "प्रार्थना दुसऱ्याला द्या, मी कामात हाय."

पलीकडची म्हातारी जाता जाता म्हणाली, "काय वो बाबा, आज देवाला सुट्टी का?"

"देवाला नाय. मला ड्यूटी लागली."

एवढ्यात आमच्या घरातून बायकोचा आवाज आला, "वो! लोकांचे हौद राखता, आपला सताड उघडा पडलाय!"

गल्लीभर हशा पिकला. शेजारी तर गुडघ्यावर हात मारून हसला. मी खुर्चीवरून उठलो. पोरीला तिच्या आईकडं दिलं, घरात जाऊन खिडकीची लोखंडी जाळी उचकटायला लागलो. बायको म्हणाली, "अन् चोर आले तर?"

"आले तर पाणी भरू लागतील."

जाळी आमच्या हौदावर टाकली. गजांच्या मधून नळी बरोबर आत गेली. शेजारी वाकून बघत होता. हसणं थांबलं त्याचं. म्हणाला, "बाबा, ही आमच्या हौदाला बसंल का हो?"

"ही माझी हाय. तुझी खिडकी तुझ्याकडं हाय."

तो हातोडा घ्यायला आत पळाला. मी खुर्ची उचलली आणि गल्लीच्या टोकाच्या घराकडं निघालो. तिथंही एक पोर रांगतं.