रेषेचं दौंडकडचं टोक

शिरूरला मी भाड्याच्या घरात एकटा राहतो. बायको आणि मुलगी पुण्यात. आम्ही वेगळे झालो असं कुणी म्हटलेलं नाही, पण रविवारीही मी क्वचितच जातो. कामाचं कारण सांगतो. काम खरंच असतं, फक्त रविवारी नसतं.

सणसवाडीच्या काही कारखान्यांना कामगार बायकांसाठी बस कुठवर सोडावी हे ठरवायचं होतं. पाहणी आमच्या संशोधन संस्थेकडे आली. घर लांब होत जातं तशी बाई कामाला येण्याची शक्यता किती घटते, एवढाच प्रश्न. मी नॉनपॅरामेट्रिक पद्धत घेतली. म्हणजे उतार सरळ की वाकडा हे आधी ठरवायचं नाही. प्रत्येक अंतरावर आसपासच्या बायकांची सरासरी घ्यायची आणि त्यातून रेषा काढायची. आसपास म्हणजे कुठवर, ते मात्र ठरवावं लागतं. त्या रुंदीला बँडविड्थ म्हणतात. ती वाढवली की रेषा गुळगुळीत होते, आणि जिथे माणसं विरळ असतात तिथेही लांबच्या माणसांच्या जोरावर तरून राहते.

भीमेच्या अलीकडे, मांडवगण फराट्यापर्यंत कामाला जाणाऱ्या बऱ्याच जणी भेटल्या. भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवर मोजकीच घरं, आणि त्यांतून एकच बाई सणसवाडीला जात होती. दिराच्या मोटारसायकलवरून पुलापर्यंत, तिथून ठरलेली जीप, मग कंपनीची बस.

"गाडी हिकडं यील का, सर?" तिनं विचारलं.

"बघू."

"बघू म्हंजी न्हाईच की," ती हसून म्हणाली आणि चहा पुढं केला. त्या आठवड्यात मला कुणी घरात बसवून चहा दिला तो तेवढाच.

संगणक स्वतः पडताळून एक रुंदी सुचवतो. त्या रुंदीला रेषा सगळ्यात लांबच्या, दौंडच्या टोकाला खाली कोसळत होती. मी रुंदी वाढवली. अलीकडच्या बायकांची सरासरी नदी ओलांडून पलीकडे गेली आणि रेषा सावरली. सहकाऱ्यानं पडद्याकडे बघून म्हटलं, "शेपटीचे फार लाड चाललेत तुझे." मी म्हणालो, दिसायला बरं दिसतं. अहवालात रुंदीचा आकडा दिला, ती का वाढवली ते लिहिलं नाही. मला वाटत होतं, एक तरी चांगलं काम केलं.

बस वस्तीपर्यंत सुरू झाली. तिथून ती बाई एकटीच चढायची. काही आठवड्यांनी कंपनीनं हिशोब बघितला आणि बस पुन्हा नदीच्या अलीकडूनच वळू लागली. तोवर जीपवाल्यानं तिची जागा दुसऱ्याला दिली होती.

हे मला तिच्याकडूनच कळलं. परवा संध्याकाळी सणसवाडीत दुधाच्या दुकानात ती भेटली. आता तिथंच खोली घेऊन राहते. मुलं वस्तीवर, सासूपाशी.

"ताई, ती बस माझ्या आकड्यांवरून सोडली होती," मी म्हणालो. "आकडे तसं सांगत नव्हते. मी ते तसे करून घेतले."

तिला किती कळलं, माहीत नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, "माझ्यासाठी केलं व्हय?"

"हो."

"मग इचारायचं तरी. मी म्हणले असते, जीप बरी हाय." मग ती म्हणाली, "आता परत काढा की आकडे. आमच्याकडच्या आणखी दोघी तयार हायत."

"दोघींनी भागत नाही, ताई."

"मग किती जणी लागत्यात?"

संस्थेत शिकवतो त्या वर्गात हा प्रश्न मी कितीदा फळ्यावर सोडवला आहे. तिथं उभं राहून मला तिला सांगता येईल असा एकही आकडा सापडला नाही.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि खोलीच्या वाटेला लागली.